मदत हवी आहे: वायरमन परमिट आहे, ठेकेदारीचं लायसन आणि हाताखालच्या पोरांचा विमा कसा करावा?

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी घरगुती वायरिंगची कामं घेतो. आयटीआय झालंय, वायरमनचं परमिट आहे, हाताखाली तीन पोरं आहेत. नवीन मीटरसाठी महावितरणला टेस्ट रिपोर्ट लागतो, तो आजवर ओळखीच्या एका ठेकेदाराकडून सही-शिक्का घेऊन आणत आलो. काम माझं, लायसन नंबर त्यांचा. ते साइटवर कधीच आले नाहीत. आमच्याकडे बरेच जण असंच करतात, त्यामुळे मलाही कधी खटकलं नाही.

गेल्या महिन्यात एका बंगल्यात जुन्या वायरिंगवरून वरच्या मजल्याचे नवे पॉइंट काढत होतो. मेन मी स्वतः पाडला, जिन्याजवळच्या बोर्डाला टेस्टर लावून बघितला. पण हॉलच्या लाइनवर इन्व्हर्टर होता. मेन पडला तसा तो चालू झाला. पोरगा शिडीच्या घोड्यावर चढून हॉलच्या छताचा जॉइंट बॉक्स उघडत होता. शॉक बसला आणि तो थेट फरशीवर आला. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. डाव्या हातात पक्कड तशीच होती, मूठ मला सोडवावी लागली. वय वीस.

दवाखान्याचं बिल ७४ हजार झालं. ४० माझ्याकडचे, बाकी उसने आणले. घरमालक म्हणाले, काम ठेकेदाराला दिलंय, माझा काय संबंध? ज्यांच्या लायसनवर काम दाखवलं ते म्हणाले, तो माझा माणूस नाही. पोराच्या आईने मला चहा करून दिला, वाईट शब्द काढला नाही. तेव्हापासून झोप लागत नाही.

आता सगळं माझ्या नावावर, नीट करायचं आहे. लायसनसाठी आधी काय लागतं? आणि पोरांसाठी नेमकी कोणती पॉलिसी घ्यायची? एजंट प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

प्रतिसाद: शासकीय कामं घेणारा ठेकेदार

दादा, पोरगा वाचला हे मोठं.

परमिट, पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र आणि ठेकेदाराची अनुज्ञप्ती (म्हणजे लायसन) हे तीन वेगळे कागद आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा विनियम बघा. काम लायसनधारक ठेकेदाराने घ्यायचं, प्रमाणपत्रवाल्याच्या थेट देखरेखीखाली, आणि हात लावणाऱ्याकडे परमिट हवं. १९५६ च्या नियमांतही ४५ व्या नियमात हेच होतं. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच आहे तसा बदलण्याला सूट आहे. तुम्ही करत होता ती वाढीव वायरिंग, म्हणजे सूट नाही.

तुमच्याकडे पहिला कागद आहे. आता पर्यवेक्षकाच्या प्रमाणपत्राच्या मागे लागा. ते होईपर्यंत प्रमाणपत्र असलेला माणूस पगारावर ठेवून लायसनला अर्ज करता येतो, पण तो खरोखर तुमच्याकडे कामाला हवा, नुसता कागदावर नको. अर्जाबरोबर मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र), अर्थ टेस्टर, क्लॅम्प मीटर स्वतःचे दाखवावे लागतात. अर्ज राज्याच्या विद्युत निरीक्षण खात्याकडे, अनुज्ञापक मंडळाकडे जातो. उद्या सरकारी कामं घ्यायची असतील तर बांधकाम खात्यातली नोंदणी आणखी वेगळी.

उसनी सही आजपासून बंद करा. ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन किती आलं, अर्थिंग किती आलं, हे मोजलं असं त्या रिपोर्टवर लिहून दिलेलं असतं. न बघता सही करणारा आणि ती आणणारा, दोघंही अडकतात.

आणि इन्व्हर्टर असलेल्या घरात शिरलात की आधी त्याचं आउटपुट काढा. ज्या बॉक्सात हात घालायचा, तपासायचा तोच बॉक्स.

प्रतिसाद: विमा प्रतिनिधी

तुम्हाला हवी ती वर्कमेन कॉम्पेन्सेशन पॉलिसी, म्हणजे कामावर अपघात झाला तर कामगाराच्या भरपाईची; बोलताना सगळे डब्ल्यूसी म्हणतात. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, हिशेबाची रीत तीच आहे. मृत्यू झाला तर पगाराच्या ५० टक्क्यांना वयाच्या गुणांकाने गुणायचं. विसाव्या वर्षाचा गुणांक २२४. पगार १५ हजार धरला तर १६ लाख ८० हजार होतात. हे मालकाने द्यायचे असतात, आणि इथे मालक तुम्हीच.

घेताना तीन गोष्टी विचारा. दवाखान्याचा खर्च बऱ्याच पॉलिसींत जादा हप्त्यावर मिळतो आणि त्याला मर्यादा असते, तो मुद्दाम घालून घ्या. तुमचं बिल त्यातच बसलं असतं. कामाचं स्वरूप 'इलेक्ट्रिकल वायरिंग, उंचीवरचं काम' असंच लिहा, हप्ता वाचवायला 'दुकानातला मदतनीस' लिहू नका. आणि पगार खरा दाखवा. हजेरीचं रजिस्टर ठेवा, पगार खात्यावर टाका. कमी पगार दाखवला की दावा तिथेच कापला जातो.

यात फक्त तुमची माणसं येतात. वायरिंगमुळे घरमालकाचं नुकसान झालं तर त्याला पब्लिक लायबिलिटी पॉलिसी वेगळी. तुम्ही स्वतःही यात नाही, स्वतःसाठी वैयक्तिक अपघात विमा काढा. पंतप्रधान सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत २ लाखांची आहे. ती चौघांचीही उद्याच बँकेत करून टाका, बाकीचं होईपर्यंत तेवढं तरी असेल.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. सकाळी पोरांना घेऊन बँकेत गेलो, चौघांचे फॉर्म भरले. मनगट मोडलेल्याची सही डाव्या हाताने घेतली, बँकेतल्या बाईंनी समजून घेतलं. हजेरीची वही कालपासून सुरू केली आहे. त्या ठेकेदारांना फोन करून सांगितलं की यापुढे सही नको. हातातल्या दोन घरांचं काम थांबवून मालकांना कारण सांगितलं. एक चिडले, दुसरे थांबायला तयार आहेत.

एक विचारायचं राहिलं. तिघांपैकी एकाकडे अजून परमिट नाही, याच वर्षी आयटीआयमधून बाहेर पडलाय. डब्ल्यूसीमध्ये त्याचं नाव घालता येईल का, की परमिट नाही म्हणून कंपनी दावा अडवेल? तोवर त्याला फक्त भिंतीत झिरी मारायला आणि पाइप टाकायला ठेवतो, वायरला हात लावू देत नाही. कुणाला अनुभव असेल तर सांगा. पॉलिसी त्यासाठीच थांबवली आहे.