मॅथ रॉक बसवताना सातव्या मात्रेनंतर गाडी रुळावरून घसरते, उपाय सांगा

चौथी_तार:
नमस्कार मंडळी. चार वर्षं गिटार वाजवतोय, म्हणजे गॅदरिंगला चार कॉर्डवर वेळ मारून नेतो इतपत. मध्यंतरी 'अमेरिकन फुटबॉल' या मॅथ रॉक (म्हणजे विषम, वेड्यावाकड्या मात्रांतलं रॉक) बँडचं 'नेव्हर मेंट' ऐकलं आणि येडा झालो. ट्यूनिंग सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत एफ-ए-सी-जी-सी-ई (नेहमीचं ई-ए-डी-जी-बी-ई). पहिल्याच दिवशी चौथी तार डीवरून खाली सीला आणायची, तर मी वर पिळत बसलो. सी काही येईना, तार मात्र फटकन गालाजवळून गेली. (आयडी त्यावरूनच.)

आता टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते आकड्यांत लिहिलेलं) पाठ आहे, पण एकट्याने वाजवलं की सगळं पोकळ वाटतं. आणि अशा गाण्यांत सात मात्रांचा तुकडा आला की माझा पाय आपणहून आठवी मारतो. ॲपवर मेट्रोनोम लावला तर आणखीच चुकतो. शिवाय गिटार साधी, स्वस्तातली अकूस्टिक. या ट्यूनिंगने मान वाकेल का?

कॅपोवाला:
मानेचं टेन्शन नको. सहावी आणि दुसरी अर्ध्या स्वराने चढतात, चौथी एका स्वराने उतरते, बाकीच्या जागेवर. तरी धाकधूक असेल तर सहावी-दुसरीला हात लावू नकोस. पाचवी, तिसरी, पहिली अर्धा स्वर खाली, चौथी दीड स्वर खाली, आणि पहिल्या फ्रेटला (मानेवरच्या पहिल्या पट्टीला) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा. तेच सूर मिळतात आणि एकही तार चढवावी लागत नाही.

खाली_भरी:
पोकळ वाटणारच रे! १९९९ च्या त्या अल्बममध्ये माइक किन्सेला आणि स्टीव्ह होम्स असे दोघं गिटारवर आहेत, एकमेकांच्या फटीत बोटं घालून वाजवतात. तुझ्या टॅबमध्ये एकाचाच भाग असणार. दुसऱ्याचा भाग फोनवर रेकॉर्ड कर आणि त्यावर वाजव. दहा मिनिटांत फरक कळेल.

आता सात मात्रा. लहानपणी मला तबल्याला घातलं होतं, तिसऱ्या वर्षी पळालो, पण सात मात्रांचा रूपक ताल डोक्यात राहिला. ती ती ना, धी ना, धी ना. तीन-दोन-दोन. समेवर, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, धा नाही, 'खाली' (बिनवजनाची मात्रा) आहे, म्हणून सुरुवातीला हात अडखळायचा. गुरुजी तबल्याला हात लावू द्यायचे नाहीत, आधी तोंडाने म्हणायला लावायचे. गिटारला नेमकं तेच कर. एक ते सात मोजूच नकोस, मोजणारा माणूस कायम अर्धी मात्रा मागे असतो. रिफ (परत परत येणारी सुरावट) ऐकून तुकडे कुठे पडतात ते बघ. दोन-दोन-तीन असेल तर 'तक तक तकिट'. तिथे रूपकाचा ठेका धरलास तर बेरीज सातच येईल, पण वजन भलतीकडे पडेल. मी यात आठवडाभर फसलो होतो.

गिटार मांडीवर आडवी ठेव, तोंडाने बोल, पायाने फक्त तुकड्याची पहिली मात्रा. म्हणजे सातात तीनच ठोके, शेवटचा लांब. तो लांब ठोका अंगात भिनला की आठवी आपोआप गळते. मेट्रोनोमचं म्हणशील तर तुझं ॲप बहुतेक चारावर अडकलंय, दर चौथ्या ठोक्याला 'टिंग' करत असणार. ते टिंग बंद कर. मिनिटाला साठ ठोक्यांवर सुरू कर, लाज वाटू देऊ नकोस.

पुढे टॅपिंगकडे (तारा न छेडता फ्रेटवर बोटांनी ठोकून वाजवणं) वळलास तर मोकळ्या तारा घोंगावतील. पहिल्या फ्रेटजवळ केसांचा जाड रबर चढव. 'नेव्हर मेंट'ला मात्र तो नको, तिथे मोकळ्या तारा वाजायलाच हव्यात.

चौथी_तार:
दादा, तीन दिवस तकिट चाललंय. बसमध्ये शेजारचे काका वळून बघत होते. पाय आता गप्प आहे, बोटं अजून नाहीत. रेकॉर्डिंगची युक्ती एक नंबर. टॅपिंगही करून बघितलं, पण रबर बहिणीचा होता, तिने परत नेला. दुसरं काही चालेल?

खाली_भरी:
जुना मोजा. धुतलेला.