अँटिमनी सल्फाइड स्फटिकी झाल्यावर तिसरा हार्मोनिक (पंप लेसरच्या तिप्पट वारंवारतेचा प्रकाश) क्षीण होतो, काय-थ्री (तो प्रकाश तयार करण्याची पदार्थाची अंगभूत क्षमता) बदलला म्हणायचं का?

पातळथर_गंगापूररोड:
काचेवर अमॉर्फस सिलिकॉनच्या नॅनोचकत्या, उंची २२० नॅनोमीटर. वर स्पटर केलेला ४० नॅनोमीटर अँटिमनी ट्रायसल्फाइड. पंप लेसर १५५० नॅनोमीटरचा, पल्स १०० फेम्टोसेकंदांचे, सेकंदाला ८ कोटी (८० मेगाहर्ट्झ). फिल्म अस्फटिकी (अमॉर्फस) असताना ५१७ नॅनोमीटरला तिसऱ्या हार्मोनिकचा सिग्नल भरपूर. ३०० अंशांवर तापवली की जेमतेम दहावा हिस्सा उरतो. शिवाय अर्धवट स्फटिकी अशा मधल्या पातळ्या हव्यात, त्या भट्टीत जमत नाहीत. नाशिकमध्ये भट्टी आणि मायक्रोस्कोप हाताशी आहे, रामन (विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थाची रचना ओळखणारी चाचणी) बाहेरून करावं लागेल.

हार्मोनिक_तीन:
काय-थ्रीचं नाव इतक्यात घेऊ नका. १५५०ला या पदार्थाचा अपवर्तनांक स्फटिकी होताना साधारण २.७ वरून ३.३ वर जातो, म्हणजे चकत्यांचा रेझोनन्स (ज्या तरंगलांबीला त्या प्रकाश सर्वाधिक साठवतात ती) लांब तरंगलांबीकडे सरकतो. पंप मात्र जागेवरच. तिसरा हार्मोनिक आतल्या तीव्रतेच्या घनात चालतो; तीव्रता निम्मी झाली की सिग्नल आठवा हिस्सा. तुमचा दहावा हिस्सा जवळपास एवढ्यानेच समजतो.
दोन्ही अवस्थांत पंप १४५० ते १६५० असा १० नॅनोमीटरच्या पावलाने फिरवा आणि शिखराची तुलना शिखराशी करा. त्याच काचेवर चकत्यांशिवायची फिल्म मोजा, खरा संदर्भ तोच. पॉवरचा लॉग-लॉग उतार ३ येतो का तेही बघा.
दुसरी गोष्ट शोषणाची. ५१७चा फोटॉन २.४ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, फिल्मचा बँडगॅप (याहून जास्त ऊर्जेचा फोटॉन शोषला जातो) २.०५ वरून १.७ वर उतरतो. प्रकाश काचेच्या बाजूने गोळा केलात तर फिल्ममधलं शोषण बरंच टळेल. अमॉर्फस सिलिकॉनही ५१७ला बरंच शोषतं, त्याला इलाज नाही.

भट्टी_अंबड:
मधल्या पातळ्यांचं दुखणं असं, की हा पदार्थ मोजक्या केंद्रांपासून मोठमोठे कण वाढवतो. अर्धवट तापवलेली फिल्म मधल्या अपवर्तनांकाची नसते, ठिपक्याठिपक्यांची असते. त्यात स्फटिक ऑर्थोऱ्होम्बिक (तिन्ही अक्ष वेगळ्या लांबीचे), म्हणून कणाची दिशा बदलली की अपवर्तनांकही बदलतो. २६० ते २७० अंशांवर थोडा थोडा वेळ ठेवा आणि दर वेळी मायक्रोस्कोपमध्ये क्रॉस पोलरायझरखाली बघा, स्फटिकी ठिपके उजळ दिसतात.
तापवताना गंधक उडतं. आधी १० ते २० नॅनोमीटर सिलिकाचं झाकण द्या. तापवणं आरगॉन वायूत करा; तो वेल्डिंगचा नको, ९९.९९९ टक्क्यांचाच घ्या, नाहीतर ऑक्साइड होईल. प्रत्येक बॅचसोबत साध्या काचेचा एक तुकडा ठेवा; नारिंगी-पिवळा रंग तपकिरीकडे गेला की स्फटिकीकरण झालं. रामनमध्ये २८२ आणि ३१० प्रति सेंटिमीटरला धारदार शिखरं दिसली की खात्री. पावसाळ्यात सँपल डेसिकेटरमध्येच ठेवा.

लेसरताई:
८० मेगाहर्ट्झला दोन पल्समध्ये फक्त १२.५ नॅनोसेकंद असतात, उष्णता साचते. पंपच फिल्म स्फटिकी करतोय का हे तपासा: पॉवर चढवा, उतरवा, सुरुवातीचा आकडा परत आला नाही तर स्विच झालंच. चॉपर (किरण ठरावीक अंतराने अडवणारी फिरती चकती) लावा किंवा कमी रिपिटिशनचा लेसर घ्या.
उलटं, म्हणजे स्फटिकीकडून अस्फटिकीकडे, जायचं तर भट्टी कामाची नाही. साधारण ५५० अंशांवर वितळवून झटक्यात थंड करावं लागतं, म्हणजे नॅनोसेकंद पल्स. नेमक्या पातळ्याही पल्सांच्या गिनतीनेच जमतील.
याऐवजी जीएसटीच्या (जर्मेनियम-अँटिमनी-टेल्युरियम हा दुसरा अवस्था बदलणारा पदार्थ) नादी लागू नका. स्फटिकी झाल्यावर १५५०ला तो इतकं शोषतो की रेझोनन्स सरकण्याऐवजी मरतो. बंद-चालू हवं तर चालेल, ट्यूनिंगला नाही. पंप २१०० नॅनोमीटरला नेता आला तर हार्मोनिक ७००ला येतो आणि अस्फटिकी सल्फाइड तिथे पारदर्शक असतो. चकत्या मात्र नव्याने डिझाइन कराव्या लागतील. त्या चकत्या कोरायला लागणाऱ्या ई-बीमसाठी (इलेक्ट्रॉन किरणाने नक्षी काढण्याचं यंत्र) आयआयटी मुंबईच्या आयएनयूपी योजनेत (बाहेरच्या संशोधकांना नॅनो-निर्मितीची यंत्रं वापरू देणारी) प्रस्ताव टाका.