जावाची लिस्ट आली की लगेच टूलिस्ट? कशासाठी?

रॅपरवाला
काल एकाने स्काला (जावाच्या लायब्ररी वापरू शकणारी प्रोग्रॅमिंग भाषा) शिकणाऱ्यांना सल्ला दिला: "जावाकडून कलेक्शन आलं की ॲझस्काला आणि लगेच टूलिस्ट. रॅपरवर विश्वास ठेवू नका." त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही, म्हणून हा धागा.

अहो, ॲझस्काला काही रूपांतर करतच नाही. मूळ लिस्टवर पातळ वेष्टण, म्हणजे तोच रॅपर, चढवतं, बस्स. दहा घटक असोत की दहा लाख, खर्च तेवढाच. परत ॲझजावा केलंत तर वेष्टण उतरून तोच मूळ ऑब्जेक्ट हातात येतो. टूलिस्ट मारलंत, म्हणजे स्कालाची नवी लिस्ट बनवलीत, की मात्र प्रत्येक घटकामागे एक नवा नोड. भलीमोठी लिस्ट एकदा फिल्टर करून टाकून द्यायची असताना आधी तिची अख्खी नक्कल? निव्वळ भीतीपोटी?

अर्धविराम
हो, भीतीपोटीच. एका जावा लायब्ररीने आपली आतली लिस्टच आमच्या हातात दिली होती. आम्ही रॅपर चढवून पुढे पाठवली, आणि तिकडे दुसरा थ्रेड (त्याच वेळी समांतर चालणारा कोड) तीच क्लिअर करत बसलेला. कधी कॉन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन (वाचता वाचता लिस्ट बदलल्याची चूक), कधी नुसताच रिकामा रिपोर्ट. एक्सेप्शन परवडलं हो, लॉगमध्ये तरी दिसतं!

रॅपरवाला
यात रॅपरचा काय दोष? टूलिस्ट चालू असताना क्लिअर झालं असतं तर तिथेच फुटलं असतं. लॉकचं काम नक्कल करत नाही.

अर्धविराम
नक्कल करताना धोका क्षणभर, रॅपर घेऊन फिरताना दिवसभर. एवढा फरक पुरेसा आहे. आणि आत लिंक्डलिस्ट (जिथे प्रत्येक इंडेक्ससाठी कडी-कडी मोजत जावं लागतं) निघाली आणि कुणी इंडेक्सने लूप फिरवला, तर तुमच्या "तेवढ्याच खर्चा"चं काय होतं तेही सांगा.

जुनी_बिल्ड
तुम्ही दोघे भांडा, पण स्कालाच्या २.१३ आवृत्तीने काय केलं ते कुणीच बोलत नाही. २.१२ पर्यंत सेक (क्रमवार कलेक्शनचा टाइप) म्हणजे कुठलाही सेक, त्यात बफर (बदलता येणारा सेक, जावाच्या लिस्टवर ॲझस्काला केलं की हाच मिळतो) खुशाल बसायचा. २०१९ मध्ये २.१३ आलं आणि सेक म्हणजे फक्त इम्युटेबल, न बदलणारा. आमच्याकडे ॲझस्काला जिथे जिथे होतं तिथे लाल रेघा. मग सगळीकडे टूसेक चिकटवलं. गंमत म्हणजे तोच टूसेक आधी बफरवर तोच बफर परत द्यायचा, आता नक्कल करतो. म्हणजे रॅपरवालेसाहेब, नक्कल तुम्हीही करताय, फक्त तुम्हाला पत्ता नाही.

रॅपरवाला
मला पत्ता आहे. धन्यवाद.

कोटलिनकर
कोटलिनवर या, तीही जावासोबत चालणारी भाषा. तिथे कलेक्शन जावाचंच. ना वेष्टण, ना नक्कल, ना हे रडगाणं.

अर्धविराम
आलेच! तुमची रीड-ओन्ली लिस्ट कंपायलरपुरतीच रीड-ओन्ली. लिस्टऑफ या फंक्शनमध्ये दोन घटक टाकून ती लिस्ट जावाला द्या. ॲड केलं तर फुटेल, पण सेट केलं तर निमूटपणे आतला घटक बदलेल. आणि लिस्ट म्हणून म्युटेबललिस्ट (बदलता येणारी) दिली असेल तर ॲडही बिनबोभाट.

कोटलिनकर
निदान नल (व्हॅल्यूच नसणं) तरी सांभाळतो आम्ही. स्कालात जावाच्या मॅपमध्ये किल्लीला नल असेल तर गेट काय देतं? सम, म्हणजे "व्हॅल्यू आहे", आणि आत नल! व्हॅल्यू आहे की नाही ते सांगणाऱ्या ऑप्शनचा सगळा थाट गेला पाण्यात.

जुनी_बिल्ड
त्याहून वाईट सांगतो. त्या मॅपची व्हॅल्यू जावाचा इंटिजर (ऑब्जेक्ट) असेल आणि टाइप स्कालाचा इंट (साधा आकडा) लिहिला असेल, तर अनबॉक्सिंगमध्ये, म्हणजे ऑब्जेक्टमधून आकडा काढताना, नलचा शून्य होतो. एक्सेप्शन नाही, वॉर्निंग नाही. शिल्लक रकमेच्या रकान्यात असा शून्य शोधून बघा एकदा.

रॅपरवाला
नल कॉपीतूनही तसाच येतो! विषय काय, बोलताय काय. टूलिस्टने नल गाळले जातात असं कुणाला वाटत असेल तर हात वर करा.

कोटलिनकर
विषय तोच आहे, तुम्हाला अडचणीचा आहे एवढंच.

रॅपरवाला
तुमच्या प्लॅटफॉर्म टाइपमध्येही (जावाकडून आलेला टाइप, ज्याच्या नलची कोटलिनला खात्री नसते) नल मुकाट शिरतो, वापरेपर्यंत कळत नाही. उगाच छाती फुगवू नका.

नवशिका०७
मध्येच विचारतो, माफ करा. जावाकन्व्हर्जन्स इंपोर्ट केलं की ॲझस्काला लिहावंच लागत नाही असं एका जुन्या कोडमध्ये दिसलं. ते का वापरत नाही कुणी?

जुनी_बिल्ड
कारण ते २.१२ मध्ये डेप्रिकेट झालं ("वापरू नका" असा शिक्का बसला) आणि २.१३ मध्ये काढूनच टाकलं. इंप्लिसिट होतं, न लिहिता आपोआप लागायचं, कुठल्या ओळीवर वेष्टण चढलं ते वाचून कळायचंच नाही. आता स्काला डॉट जेडीके डॉट कलेक्शनकन्व्हर्टर्स इंपोर्ट करा आणि उघड लिहा. बाकी या मंडळींचं मनावर घेऊ नका.

रॅपरवाला
ठीक आहे. लिस्ट दुसऱ्याच्या मालकीची असेल आणि तुम्ही ती फील्डमध्ये साठवून ठेवणार असाल, तर करा नक्कल. त्याच मेथडमध्ये वाचून संपणार असेल तर रॅपरच. अर्धविरामांचं समाधान होवो.

अर्धविराम
म्हणजे मी म्हणत होतो तेच, फक्त उपकार केल्याच्या सुरात. आणि ॲझजावाचं काय? आमची इम्युटेबल लिस्ट जावावाल्यांना दिली की ते ॲड मारतात आणि अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शनचा बग आमच्या नावावर नोंदवतात.

कोटलिनकर
त्यावर वेगळा धागा काढा. इथे अजून नल संपलेला नाही.