पुढचा ब्रेक लावू नको असं पोरांना शिकवणं आता बंद करा

कांजूरचा_मामा

मंडळी जरा लांबलचक लिहितोय, पण वाचा आणि पटत नसेल तर तसं स्पष्ट सांगा.

माझा भाचा, वय 19. लायसन्स हातात येऊन पाच आठवडे झालेले. गाडी 110 सीसी, 2016ची सेकंडहँड. जूनचा पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी हा जेव्हीएलआरने (मुंबईतला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) घरी येत होता, पवई तलावाच्या जवळपास पुढच्या रिक्षाला फुटपाथवरून कोणीतरी हात केला आणि रिक्षा जागच्या जागी उभी राहिली. ह्याचा स्पीड 40च्या आसपास, फार नाहीच. ह्याने मागचा ब्रेक पायाने होता नव्हता तेवढा जोर लावून दाबला, मागचं चाक लॉक झालं, गाडी आडवी झाली आणि पोरगा गाडीसकट घसरत जाऊन रिक्षाच्या मागच्या चाकाला आपटला. कॉलरबोन मोडलंय, दोन्ही तळहात सोलून निघालेत.

हेल्मेट आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. हनुवटीच्या जागी दोन बोटं रुंद पट्टा घासून पार पांढरा पडलाय आणि त्यात बारीक काळी कच अडकलीय, नखाने काढली तरी निघत नाही. त्याला हाफ हेल्मेट हवं होतं, उकडतं म्हणून. माझी बहीण अडून बसली म्हणून फुल फेस घेतलं, नाहीतर तो पट्टा त्याच्या जबड्यावर असता.

पण माझी झोप उडालीय ती दुसऱ्या कारणाने. गाडी त्याला मीच शिकवली, सोसायटीच्या मागच्या गल्लीत, दोन रविवार. आणि काय शिकवलं तर पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, तोंडावर पडशील. मला माझ्या मोठ्या भावाने हेच सांगितलेलं, त्याला त्याच्या मित्राने. कोणी तपासून बघितलं नाही.

ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं हे आपल्याला बसल्या बसल्या कळतं, अंग पुढे झुकतं ना, तसंच. म्हणजे पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो, त्याची पकड वाढते, आणि मागचा हलका होतो म्हणून जोरात दाबला की लगेच लॉक होतो. गाडी थांबवायचं जास्तीत जास्त काम पुढचा ब्रेक करतो. आणि आपण नवीन पोराला नेमका तोच वापरू नको सांगतो.

लॉस एंजेलिसला हॅरी हर्ट यांच्या टीमने 900 बाईक अपघात जागेवर जाऊन तपासले होते, 1981ला रिपोर्ट आला. त्यात 92 टक्के चालक स्वतःच किंवा घरच्या-मित्रांकडून शिकलेले, निम्म्याहून जास्त लोकांना त्या गाडीवर पाच महिनेसुद्धा झालेले नव्हते, आणि संकटात बहुतेकांनी मागचा ब्रेक जास्त दाबला, पुढचा कमी. देश वेगळा, काळ वेगळा, पण माझ्या भाच्याचा पंचनामा वाचल्यासारखं वाटलं मला.

माझं म्हणणं एवढंच, ज्याला ब्रेक मारता येत नाही त्याला गाडी येत नाही. आठ काढून टेस्ट पास होते, ब्रेकची परीक्षा सरळ रस्त्यावर होते. पहिले सहा महिने 125च्या आतली गाडी, मागे कोणी नाही, पहिल्या पावसात घरी, आणि दोन्ही ब्रेकची प्रॅक्टिस. बोला.

लालबागकर_62

मामा, पोरगा वाचला हे महत्त्वाचं, लवकर बरा होऊ दे. पण तुमचं मत मला मान्य नाही. मी 1984पासून मुंबईत गाडी चालवतोय, आधी स्कूटर मग बाईक, आणि पुढच्या ब्रेकने पडलेली माणसं मी डोळ्यांनी बघितलीत. पावसात मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटवर, पेव्हर ब्लॉकवर, फ्लायओव्हरच्या जॉइंटवर पुढचं चाक एकदा घसरलं ना की सावरायला वेळच मिळत नाही, माणूस खाली. मागचं घसरलं तर निदान गाडी हलते, पाय टेकवता येतो, कळतं तरी. नवीन पोरगा घाबरला की मूठ आवळतो, त्याच्या हाताला मोजमाप नसतं. अशा पोराच्या हातात पुढचा ब्रेक देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. आधी एक वर्ष मागच्या ब्रेकवर चालवू दे, मग हळूहळू पुढचा. आम्ही असंच शिकलो आणि अजून धडधाकट आहोत.

ठाणे_ते_बीकेसी

दोघांनाही थोडं थोडं चूक म्हणेन. मामा, तुम्ही 125च्या आतली गाडी सांगताय ती सीसी बघून, पण 1 एप्रिल 2019पासून एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची सिस्टम, सक्तीची झाली ती 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना. त्या नियमात 125पर्यंतच्या गाडीला सीबीएस चालतं, म्हणजे एक ब्रेक दाबला की दुसरा थोडा लागतो, पण चाक लॉक व्हायचं थांबत नाही. आणि तुमच्या भाच्याची 2016ची, म्हणजे बहुतेक दोन्हीतलं काहीच नसणार. लहान गाडी म्हणजे सेफ गाडी हे घरोघरी चालणारं गणित आहे आणि त्याच्यामुळे नवख्या पोराला सगळ्यात कमकुवत ब्रेकची गाडी मिळते. लालबागकर काका ज्या आवळलेल्या मुठीची भीती सांगतायत त्याच्यासाठीच तर एबीएस आहे. 150-160ची साधी एबीएसवाली घ्या, शांत चालवा.

कांजूरचा_मामा

@ठाणे_ते_बीकेसी हे मला सुचलंच नव्हतं, खरंच. पैशाचा प्रश्न आहे, बहिणीने सेकंडहँड घेतली कारण तेवढेच होते, पण सीसीचा मुद्दा मी मागे घेतो.

@लालबागकर_62 काका, लोखंडी प्लेटवर तुमचं शंभर टक्के बरोबर, तिथे कुठलाच ब्रेक नको, स्पीड अलीकडेच कमी करून सरळ जायचं. पण भाचा प्लेटवर नव्हता हो, साध्या ओल्या रस्त्यावर होता. मूठ आवळतो म्हणूनच शिकवायचं ना, लिंबू पिळतो तसं, आधी हलकं मग जोर वाढवत, हँडल सरळ असताना. ते शिकवलंच नाही तर एक वर्षानंतर कुठून येणार?

मी कालच्या रविवारी मित्राची डिस्क ब्रेकवाली गाडी घेऊन गल्लीत बघितलं. विटेच्या तुकड्याने रेघ ओढली, 30च्या स्पीडने आलो, रेघेवर ब्रेक. भाचा गळ्यात पट्टा घालून कठड्यावर बसून बघत होता. फक्त मागचा दाबला तर 13 पावलं पुढे जाऊन थांबलो, दोन्ही दाबले तर 8. पाच पावलं म्हणजे रिक्षा आणि तो, ह्यांच्यात राहिलं असतं तेवढं अंतर. तो काही बोलला नाही, नुसता त्या दोन खुणांकडे बघत बसला.

रात्रपाळी_डिलिव्हरी

मी रोज दहा-अकरा तास गाडीवर असतो, अंधेरी ते गोरेगाव. तुमचं पहिल्या पावसात घरी बसा वगैरे ऐकून वाईट वाटलं दादा. पहिल्या पावसातच ऑर्डर जास्त येतात, घरी बसलो तर खायचं काय. तेव्हा जो नवीन पोरगा पोटासाठी गाडीवर आहे त्याला काय सांगणार ते सांगा.

माझ्या हिशोबाने ब्रेक नंतरची गोष्ट आहे, आधी अंतर. 40च्या स्पीडला सेकंदाला 11 मीटर गाडी जाते, म्हणजे डोळ्याने बघून हात ब्रेकवर जाईपर्यंत चार रिक्षा एकामागे एक उभ्या राहतील एवढं तुम्ही निघून गेलेले असता, ब्रेक पुढचा की मागचा हा प्रश्न त्याच्यानंतर. तुमचा भाचा रिक्षाच्या मागे किती जवळ होता ते विचारा त्याला. मी कामावर लागलो तेव्हा एका जुन्या पोराने मला एकच सांगितलं, रिक्षा दिसली की तिचं पुढचं चाक बघ, ड्रायव्हरचा हात नाही. चाक जरा डावीकडे वळलं की समज थांबली. आणि बस-डंपरच्या डाव्या बाजूने कधीच घुसायचं नाही, गॅप कितीही मोठी दिसो, तिथे तुम्ही ड्रायव्हरला दिसतच नाही. पहिल्या सरीनंतर रस्त्यावर ऑइल आणि धूळ मिळून चिकट होतं, पाऊस दोन-चार दिवस धो धो पडला की ते धुऊन जातं, तोपर्यंत मी 30च्या वर जात नाही, कस्टमर ओरडला तरी.

चेंबूर_नाका

सगळे पोराला शिकवतायत, रस्त्याला कोणी काही बोलत नाही! सी लिंक बाईकला बंद, कोस्टल रोड बंद, अटल सेतू बंद, जेजे फ्लायओव्हर बंद. चांगले रस्ते कारवाल्यांना आणि खालचे खड्डे, उखडलेले पेव्हर ब्लॉक, अर्धवट खोदकाम आम्हाला. मामा, तुम्ही ज्या हर्ट रिपोर्टचं सांगितलंत त्यातच हे पण आहे की दुसऱ्या वाहनाशी टक्कर झाली त्यातल्या साधारण दोन तृतीयांश केसमध्ये चूक त्या दुसऱ्याची होती. ते का नाही लिहिलंत? रिक्षा रस्त्याच्या मधोमध थांबली, ती थांबायला नको होती. तुम्ही स्वतःला दोष देत बसलात की ज्यांचा दोष आहे ते सुटतात.

कांजूरचा_मामा

@चेंबूर_नाका रिक्षावाल्याची चूक आहेच, मी नाही म्हणत नाही, आणि ते वाक्य लिहायला हवं होतं हेही मान्य. पण रिक्षा उद्या पण मध्येच थांबणार. माझ्या हातात आहे तो भाचा.

@रात्रपाळी_डिलिव्हरी दादा, घरी बसा हे मी चुकीचं लिहिलं, माफ करा. विचारलं त्याला. म्हणाला, एक गाडी मावेल एवढं पण अंतर नव्हतं.

वॉर्डातली_ताई

ऑर्थोच्या वॉर्डात नर्स आहे, शहराचं वगैरे सांगत नाही. तुम्ही सगळे चालवणाऱ्याबद्दलच बोलताय. मागे बसलेल्या बाईबद्दल कोणीच नाही. 2022 साली देशात हेल्मेट नसलेली 50,029 माणसं दुचाकीच्या अपघातात गेली, त्यातली 14,337 मागे बसलेली, सरकारचाच आकडा आहे. मुंबईत 9 जून 2022पासून मागच्याला पण हेल्मेटची कारवाई सुरू झाली, तरी अजून बघा, नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि बायको मुलाला मांडीवर घेऊन पदर सावरत बसलेली. ओढणी चाकात जाऊन मान आवळलेली मुलगी मी बघितलीय, ते लिहवत नाही.

आणि हेल्मेटची पट्टी लावा. डोक्यावर नुसतं ठेवलेलं हेल्मेट पहिल्या धक्क्याला उडून जातं. कोणी पडलेलं दिसलं तर हेल्मेट ओढून काढू नका, मानेला लागलेलं असू शकतं, 108ला फोन करा. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, 2019च्या दुरुस्तीने कायद्यात आलंय ते, घाबरू नका.

मामा, पोराला ग्लोव्हज घेऊन द्या. पडताना माणूस हात पुढे करतोच.

लालबागकर_62

मामा, मी माझ्या मतावर होतो, पण पावलांचं तुम्ही लिहिलंत ते डोक्यातून जाईना. आज पहाटे साडेपाचला गल्ली मोकळी असताना माझी जुनी गाडी काढली, दोन्ही ड्रम ब्रेक. चपला ठेवल्या खुणेला. मागचा दाबला तर 16 पावलं, दोन्ही तर 11. चार वेळा केलं, बायको गॅलरीतून ओरडत होती काय चाललंय म्हणून. एवढी वर्षं पुढचा मी नुसता दाबल्यासारखा करत होतो हे आज कळलं, दाबत नव्हतोच.

ओल्या प्लेटबद्दल माझं मत तेच आहे. पण नातू पुढच्या वर्षी 18चा होतोय, तुम्ही ती रेघ ओढता तेव्हा त्याला घेऊन येऊ का? रविवारी किती वाजता?

कांजूरचा_मामा

या ना काका. सकाळी सहाला, साडेसातनंतर दुधाचे टेम्पो आणि शाळेच्या व्हॅन लागतात. वीट मी आणतो. भाच्याचा पट्टा अजून तीन आठवडे आहे, पावलं मोजायला तो बसेल.