राखाडी मोजा कोणाचा?

ए-३०४: सुप्रभात. काल वाइन चाखताना नाव दिसू नये म्हणून बाटल्यांवर चढवून आणलेल्या मोज्यांपैकी एक राखाडी आमच्याकडे राहिलाय. धुऊन ठेवलाय. आणि निकाल आत्ता सांगतो, रात्री कोणी ऐकायच्या अवस्थेत नव्हतं.

बी-१०२ काका: अवस्था वगैरे लिहू नका हो. घोट घोट तर होती.

ए-३०४: ४५ मिलीचे सहा ग्लास, काका. २७० मिली झाली. म्हणून तर थुंकायला स्टीलचा डबा ठेवला होता. शेवटपर्यंत कोरडा.

बी-१०२ काका: विकत आणलेलं थुंकायचं? आमच्या पिढीला जमायचं नाही.

सेक्रेटरी: आज ११ ते १ टाकीची सफाई. पाणी बंद राहील. सहकार्य करावे.

ए-३०४: म्हणजे आठ जणांचे अठ्ठेचाळीस ग्लास दुपारनंतर. असो. बाटल्या पाच होत्या आणि ग्लास सहा, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. दोन नंबर आणि पाच नंबर एकच. आपल्या दिंडोरीकडचीच शिराझ, म्हणजे रेड वाइन, एकाच बाटलीतली.

बी-१०२ काका: शक्यच नाही. मी दोनला ४ दिलेत आणि पाचला ८.

ए-३०४: तुमचा कागद समोर आहे. दोनपुढे ‘तुरट, रागीट, इथलीच असणार’. पाचपुढे ‘छान गोलाई, बहुधा फ्रेंच’.

सी-४०३: 😂😂 काका, दिंडोरी ते फ्रान्स तीन ग्लासांत!

ए-३०४: हसू नका, दोन्हींना सारखे गुण आठांत एकानेच दिले. कॅलिफोर्नियाच्या स्टेट फेअरच्या वाइन स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन या वाइन बनवणाऱ्यांनी २००५ पासून परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन न सांगता तीनदा दिली. साधारण दहांत एकालाच तिन्ही वेळा त्याच पदकाच्या आसपास राहता आलं. ते तर रोजचे परीक्षक.

बी-२०१ ताई: दादा, पण दोन आणि पाच चवीला खरंच वेगळे लागले. काय केलं होतंत?

ए-३०४: अर्धी बाटली फ्रिजमध्ये ठेवली, अर्धी जगमध्ये ओतून तासभर ओट्यावर. गार रेड जास्त तुरट लागते. गरम झाली की अल्कोहोलचा वास वर येतो, तुरटपणा मवाळ वाटतो.

बी-२०१ ताई: मग चाचणी फसली की! जगमधल्या वाइनला हवा लागली, बाटलीतलीला फारशी नाही. तापमान बदललं आणि हवाही. फरक कशाचा, सांगा बघू. आमच्या लॅबमध्ये असा रिपोर्ट दिला तर साहेब परत पाठवतात.

ए-३०४: 🙏 हे डोक्यातच आलं नाही.

बी-२०१ ताई: शिवाय सहा वेगवेगळे ग्लास एकदम घेऊन जीभ शिकत नाही, दमते. तीन ग्लास घ्या, दोनांत एकच वाइन, तिसऱ्यात दुसरी. वेगळा कुठला तेवढंच ओळखायचं. नाव नको, गुण नको. अंदाजपंचे तीनांत एकदा बरोबर येणारच, म्हणून ग्लास फिरवून चारदा करायचं. चारही वेळा नुसत्या नशिबाने बरोबर यायची शक्यता ८१ मध्ये १.

ए-१०१ काकू: मी पीत नाही, पण हे कोऱ्या चहावर करता येईल का?

बी-२०१ ताई: हो काकू, उत्तमच. एक चहा तीन मिनिटं मुरवा, दुसरा दहा, दोन्ही सारखेच कोमट होऊ द्या. हिरड्या आवळतात तो तुरटपणा, जांभूळ खाल्ल्यासारखा. आंबटपणात उलट तोंडाला पाणी सुटतं. लोक या दोन्हींना सर्रास ‘स्ट्राँग’ म्हणतात, घोळ तिथेच. आणि डोळे मिटून मिसळणाचा डबा हुंगून बघा. लवंग की दालचिनी, पटकन नाव येत नाही.

सी-४०३: काल निम्म्या कागदांवर ‘ब्लॅककरंट’ होतं. इथे खाल्लंय कोणी? मी करवंद लिहिलं. तीन नंबरला ढोबळी मिरची लिहिली तर सगळे हसले.

ए-३०४: तीन नंबर कॅबरने सॉव्हिन्यॉं होती. ढोबळी मिरचीतला वासाचा घटक त्या द्राक्षातही असतो, कमी पिकलेल्यात जास्त. तुमचं बरोबर. आणि भाऊ, चार नंबरला तुम्ही काय लिहिलंत ते ग्रुपवर सांगू का?

सी-४०३: ‘ओल्या खोक्याचा वास’. घरची द्राक्षबाग आहे, पॅकिंगची पुठ्ठ्याची खोकी पावसात भिजली की शेडमध्ये तोच वास येतो. सगळे म्हणाले मोज्याचा असेल.

ए-३०४: मोज्याचा नव्हता. सकाळी उरलेली हुंगली, वास आणखी वाढलाय. बूच बाधलेलं. बुचात टीसीए नावाचं संयुग असलं की वाइनला असाच कुबट वास येतो आणि फळाचा वास दबतो. अपाय नाही, पण बाटली वाया. काल सगळ्यांत महाग तीच होती, किमतीची चिठ्ठी अजून तळाला आहे.

बी-२०१ ताई: मग तिला कमी गुण पडले असतील.

ए-३०४: सात जणांनी ५ च्या आत दिले. एकाने ९.

सी-४०३: ९? ज्याने आणली त्याला आपली बाटली ओळखू आली वाटतं. पुढच्या वेळी सगळं आधी स्टीलच्या जगांत ओता. मोज्यातून बाटलीचे खांदे कळतात, बूच की फिरकीचं झाकण तेही कळतं.

ए-३०४: मान्य. तीन ग्लासांची चाचणी येत्या शनिवारी, दोन बाटल्या पुरेत, मी आणतो. डब्यात थुंकायचं, सगळ्यांनी. बाकी चार नंबर कोणी आणली होती? राखाडी मोजा तिच्यावरच होता.

ए-३०४: कोणी बोलेल का?

सेक्रेटरी: कृपया ग्रुपवर आवश्यक तेवढेच मेसेज टाकावेत.

बी-१०२ काका: मोजा वॉचमनकडे ठेवून द्या. संध्याकाळी फिरायला जाताना घेतो.