सिकलसेल आणि पुन्हा ऑफिस: अनुभव लिहा

वैनगंगाकाठ:
आज एका टेबलावर लाल कार्ड, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णाचं, दिसलं आणि जुनं सगळं आठवलं. क्रायसिसमधून, म्हणजे दुखण्याच्या झटक्यातून उठून, फिटनेसचा दाखला देऊन माणूस रुजू होतो, पुढं टेबलावर दिवस कसा काढायचा ते कोणी सांगत नाही. ज्याला जे ठाऊक ते लिहा. माझ्याकडून पाणी. दिवसाला ३ लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. लघवीच्या रंगावर जाऊ नका. या आजारात किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, अंगातलं पाणी कमी झालं तरी ती फिकीच दिसते. बाटलीच मोजा. १ लिटरची एक जेवणाच्या सुट्टीआधी संपली पाहिजे.

पंचायत समितीवाली:
बाटली ठीक जी, पण संडास? कडी नाही, नळाला पाणी नाही, म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि रात्री दुखणं उठतं. वारंवार उठावं लागणार, ते आजारामुळेच, हे साहेबांना रुजू होतानाच सांगा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे. दिव्यांग प्रमाणपत्राची झेरॉक्स लावून संडासजवळचं, तळमजल्यावरचं टेबल लेखी मागा. तोंडी कबूल केलेलं साहेब बदलले की गेलं.

धानपट्टा:
खुबा दुखत असेल तर तळमजला हवाच. उकिडवं बसून गठ्ठे काढू नका. या आजारात खुब्याच्या हाडाचं रक्त तुटतं, एक्स-रेत उशिरा दिसतं, एमआरआयत आधी.

गोंडपिपरीकर:
कुलरच्या तोंडासमोर बसू नका!! गार ओल्या हवेनं दुखणं उठतं. थंडीत गाडीवर जर्किन, हातमोजे.

सिस्टर:
दुखणं थांबलं म्हणून हायड्रॉक्सियुरिया बंद करू नका. ती दुखण्यावरची गोळी नाही, रोजची आहे, गुण यायला महिने लागतात. डोस वजनावर ठरतो. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरू शकतात, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) करायचीच, रजा नाही म्हणून चुकवायची नाही. मूल हवं असेल तर नवरा असो की बायको, आधी डॉक्टरांशी बोला. फॉलिक अ‍ॅसिड रोज. हिमोग्लोबिन कमी पाहून कोणी लोहाच्या गोळ्या दिल्या तर तपासणीशिवाय घेऊ नका. इथं पेशी फुटतात म्हणून रक्त कमी असतं.

मोहफूल:
पेशी फुटून डोळे पिवळे दिसले की ऑफिसातले कावीळ उतरवायला पाठवतात, बाप्पा. ताई, पिवळ्या कार्डवाल्यानंही हे सगळं करायचं का?

सिस्टर:
नाही, तो वाहक (एएस), लाल कार्डवाला रुग्ण (एसएस). गोळ्या नाहीत. लग्नाआधी जोडीदाराची तपासणी मात्र करा. दोघंही एएस असले तर प्रत्येक खेपेला मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के.

धानपट्टा:
लग्नाचं वेगळं काढा जी, त्यात खूप बोलण्यासारखं आहे. इथं लाईट गेली, बॅटरी कमी आहे.

सिस्टर:
एक राहिलं. ताप १०१ च्या वर, किंवा छातीत दुखून दम लागला, तर संध्याकाळच्या एसटीची वाट पाहू नका. टेबलावरूनच थेट दवाखान्यात, लाल कार्ड सोबत.

गोंडपिपरीकर:
तळमजल्याच्या अर्जाचा नमुना कोणाकडे आहे का?

पंचायत समितीवाली:
आहे. जेवणं झाली की टाकते.