'तो म्हणाला की तो आजारी होता': नक्की कधी आजारी?

टिवल्याबावल्या
एका इंग्रजी कथेचं भाषांतर करतेय. वाक्य साधंच: 'ही सेड ही वॉज इल.' मी लिहिलं, 'आपण आजारी आहोत, असं तो म्हणाला.' तपासणाऱ्या बाईंनी 'आहोत' खोडून 'होतो' केलं, कारण मुळात 'वॉज' आहे. अहो, पण तो माणूस हे बोलताना खाटेवर कण्हतोय! आणि त्या 'ही'चं काय करायचं? मी, तो की आपण?

काथ्याकूट
'आहोत'च बरोबर. इंग्रजीत 'सेड' आलं की आतलं क्रियापदही एक पायरी मागे सरकतं, दुखणं संपलंय की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आधीच बरा झाला असता तर बहुधा 'हॅड बीन' आलं असतं. मराठीत आतला काळ बोलणाऱ्याच्या त्या क्षणाचाच राहतो.
माझ्याकडे दहावीची मुलं येतात, त्यांचं उलटं. 'राजू सेड दॅट आय अ‍ॅम इल' लिहून मोकळी. आजारी कोण, तर पेपर लिहिणारा! 'राजू म्हणाला की मी आजारी आहे' हे मराठीत चालतं ना, म्हणून.

चिमणराव नव्हे
मराठीत तरी कुठे धड चालतं? 'राजू म्हणाला की मी चोर आहे.' सांगा, चोर कोण?

काथ्याकूट
राजूच. संशय असेल तर 'राजू मला चोर म्हणाला' म्हणा, मिटलं.

फौजदारी शिरस्तेदार (निवृत्त)
'तुला बघून घेतो, असे म्हणून आरोपीने काठी उगारली.' जबाबात धमकी जशीच्या तशी उतरते. इथे 'त्याला बघून घेईन' केलंत तर धमकीतला दमच गेला.

शुद्ध तूप
सगळ्या भानगडीचं मूळ हा 'की'. फारसीतून आलेला पाहुणा. आपली रीत 'मी येतो, असं तो म्हणाला' हीच. आधी बोलणं, मग 'असं'. संस्कृतातला 'इति' असाच मागून येतो.

कुंदा बेळगावकर
आमच्याकडे सरळ 'येतो म्हणून सांगितला'. कन्नडात 'बर्तीनि अंत हेळिद', तोच साचा. हैदराबादी दखनीतही 'आतूं बोलके बोला'. म्हणजे तुमचा 'इति' उत्तरेचा आणि आमचा 'म्हणून' दक्षिणेचा शेजारी!

चिमणराव नव्हे
तूपसाहेब, ज्ञानेश्वरीत पदोपदी 'कीं' आहे. तोही फारसी का?

शुद्ध तूप
तो बराचदा 'किंवा', 'जणू' अशा अर्थाचा. 'म्हणाला की'मधला 'की' वेगळा. नीट वाचा, मग बोला.

काथ्याकूट
पाहुणा असेल, पण आता रेशनकार्डावर नाव आहे त्याचं. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण 1836 सालचं, त्या काळीही लोक 'की' वापरतच होते. बरं, ही अवतरणचिन्हंसुद्धा साहेबाची. विरामचिन्हं मराठीत रुळवण्याचं श्रेय मेजर कँडीला देतात. तीही काढायची का?

टिवल्याबावल्या
त्या 'आपण'बद्दल कोणी बोलेल का? पुढच्या पानावर 'वी वुड गो' आहे, तिथे 'आपण जाऊ' म्हटलं की ऐकणाराही सोबत निघाल्यासारखा वाटतो.

काथ्याकूट
तिथे 'आम्ही जाऊ, असं तो म्हणाला' करा. सगळं अप्रत्यक्ष ठेवायचा हट्ट कशाला? आमच्या क्लासात 'हुर्रे!'चं 'एक्स्क्लेम्ड विथ जॉय' करून घेतात, तसलं मराठीत नको.

गिरगावचा गणू
मी बॉसला बोललो की सुट्टी हवी, तो बोलला बघू. आम्हाला कधी अडचण आली नाही.

शुद्ध तूप
'बॉसला बोललो' म्हणजे बॉसला झापलं! 'बॉसला म्हणालो' किंवा 'बॉसशी बोललो' असं हवं.

गिरगावचा गणू
काका, आमची आजीपण 'बोलली'च बोलायची, आणि ती चाळीत जन्मलेली. तिला झापून दाखवा.

कुंदा बेळगावकर
'बोलली' बोलायची?? मग 'म्हण' बोलतेत काय तुमच्यात?